‘घरी नेऊन सेवा करा’ म्हणण्याआधी

‘आता आमच्या हातात काही राहिलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ कॅन्सरच्या ओपीडीत हे वाक्य रोज कुणाच्या तरी कानावर पडतं. सांगणारा डॉक्टर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो, आणि त्याच्या दाराबाहेर फायली घेतलेली रांग तशीच उभी असते. पण सेवा कशाने करायची? दुखायला लागलं तर कोणती गोळी द्यायची, ती मिळते कुठे, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, आणि माणूस गेला की कागदावर सही कोण करणार? यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. डिस्चार्ज कार्डावर तर नसतंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर होतो आणि ९ लाखांहून जास्त माणसं त्याने दगावतात. त्यांनी अखेरचे दिवस घरी काढावेत की दवाखान्यात, यावर आपल्याकडे दोन भाषणं पाठ असतात. ‘आपल्या माणसांत, आपल्या अंथरुणावर डोळे मिटावेत’ हे एक. ‘आम्ही शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही’ हे दुसरं. दोन्ही मनापासूनची, पण त्यांनी रोग्याची एक रात्रसुद्धा सुसह्य होत नाही. म्हणून भावना जरा बाजूला ठेवून काही मुद्दे.

मुद्दा १ : वाद जागेचा दिसतो, आहे पुरवठ्याचा

नेहमीचा क्रम पाहा. रोगी म्हणतो, मला घरी न्या. घरचे आणतात. दोन दिवस बरे जातात, पाहुणे येऊन जातात, नातवंडं भोवती बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उसळतं. घरात असतं पॅरासिटामॉल, फार तर ट्रामाडॉल. माणूस ओरडायला लागला की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मध्यरात्री कुणाची तरी जीप काढून त्याला तालुक्याला नेतात, तालुका म्हणतो जिल्ह्याला न्या, आणि ज्याला घरी मरायचं होतं तो रस्त्यात किंवा कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर जातो.

दुसऱ्या बाजूला शहरातला सुस्थितीतला रोगी. त्याच्या घरात वेगळी खोली आहे, मावशी ठेवायला पैसे आहेत. तो आयसीयूत जातो, कारण ‘पुरे’ म्हणण्याचं धाडस ना डॉक्टर करत ना मुलगा.

या दोघांनीही जागा निवडलेली नाही. एकाला औषध नव्हतं म्हणून दवाखाना गाठावा लागला, दुसऱ्याशी कुणी बोललंच नाही म्हणून तो तिथेच राहिला. रोग्याला काय हवं होतं, हा प्रश्न दोन्हीकडे शेवटी आला. वेदनेवरचं औषध, घरी येणारी नर्स, रात्री उचलला जाणारा फोन आणि मृत्यूनंतरचा दाखला या चार गोष्टी उंबऱ्यापर्यंत पोचल्या, तरच ‘घर की दवाखाना’ हा खरा प्रश्न होतो. नाहीतर ‘घरी न्या’ म्हणजे बेड रिकामा करून घेण्याचा सभ्य मार्ग.

मुद्दा २ : मॉर्फिन

सगळं घोडं इथे अडतं, म्हणून जरा सविस्तर.

जगात औषधासाठी अफूची कायदेशीर शेती करणारे देश मोजके, आणि आपण त्यातले एक. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर इथे केंद्र सरकारचे अफूचे कारखाने आहेत. खानदेशातून निघालं तर मंदसौर काही फार लांब नाही. तरीही त्याच अफूपासून होणारी मॉर्फिनची गोळी खानदेशातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी कॅन्सरच्या रोग्यासाठी मागून पाहा. मेडिकलवाला आधी वर बघेल, मग ‘जळगावला बघा’ म्हणेल.

याचं मूळ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. गर्दवाल्यांना वेसण घालण्यासाठी केलेल्या या कायद्याने दवाखान्यांच्या हातापायांतही बेड्या घातल्या. प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, एकाच औषधासाठी चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. परिणाम असा की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. एक पिढीच्या पिढी डॉक्टर झाली, तिने मॉर्फिन पुस्तकात वाचलं, पण स्वतःच्या हाताने कधी लिहून दिलं नाही. आजचे पन्नाशीतले कितीतरी डॉक्टर त्या पिढीतले आहेत.

केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये संसदेने हा कायदा दुरुस्त केला. आता मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आहेत आणि नियम देशभर एकच आहेत. दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, एक मान्यता घ्यावी लागते. प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, कुलपातलं कपाट, नोंदवही, वर्षाचा हिशेब. एवढं केलं की झालं. कायदा बदलून दहा वर्षं उलटली, तरी पुष्कळ ठिकाणी अर्जच केला जात नाही. अर्ज करणं ही कुणाची नेमून दिलेली जबाबदारी नाही, म्हणून.

भीती दोन्ही बाजूंना आहे. डॉक्टरला वाटतं, चौकशी मागे लागेल. घरच्यांना वाटतं, सवय लागेल, किंवा ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आटोपलंच’. कॅन्सरच्या दुखण्यावर, योग्य मात्रेत, तोंडाने दिलेलं मॉर्फिन माणसाला नशेबाज करत नाही आणि मरण लवकर आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशामकांची पायरी-पायरीने वाढणारी पद्धत १९८६ मध्येच जगापुढे ठेवली. मॉर्फिन तिच्या वरच्या पायरीवर आहे, आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायची वाट बघायची नसते. झोपताना मात्रा वाढवतात, म्हणजे रात्री उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ राहण्याचं औषध द्यावंच लागतं, नाहीतर बद्धकोष्ठाने रोगी हैराण होतो आणि घरचे मॉर्फिनच बंद करून टाकतात. गोळी स्वस्त आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. स्वस्त गोळीची जाहिरात करायला कुठल्याही कंपनीचा माणूस डॉक्टरकडे बॅग घेऊन येत नाही. शहरात तिच्यापेक्षा कितीतरी महाग असलेला, कातडीवर लावायचा फेंटॅनिलचा पॅच मात्र मिळून जातो.

महाराष्ट्रात साडेतीनशेवर तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी रुग्णालयाने, ग्रामीण किंवा उपजिल्हा, ही मान्यता घेतलीच पाहिजे. ती घेतली नसेल तर त्या रुग्णालयाच्या अधीक्षकाला कारण विचारलं पाहिजे. नवी इमारत नको, नवं यंत्र नको, फीत कापायला मंत्रीही नको. म्हणूनच बहुधा हे होत नाही.

मुद्दा ३ : तोंडाच्या कॅन्सरचं घर

‘घरचं मरण’ म्हटलं की डोळ्यांसमोर शांत झोपलेला वृद्ध येतो. महाराष्ट्रातलं वास्तव वेगळं आहे. मिश्री, तंबाखू, विदर्भातला खर्रा, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा. त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रोगी आपल्याकडे भरपूर, आणि त्यात चाळिशीतले कर्ते पुरुषही असतात. गालाला भोक पडलेलं असतं. जखम चिघळते, तिला घाण वास सुटतो. तो वास लपत नाही, म्हणून माणसाची खाट ओसरीवर जाते, ओसरीवरून गोठ्याकडे. पोरं जवळ येत नाहीत. घरी आहे म्हणायचं, पण घरात नाही.

यावर उपाय आहेत आणि ते किरकोळ आहेत. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली की काही दिवसांत वास बराचसा उतरतो. ही गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. जखमेत अळ्या झाल्या तर टर्पेंटाइन लावून त्या चिमट्याने काढता येतात. हे काम शिकलेल्या नर्सचं, पण अवघड नाही. मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असेल तर खाटेजवळ गडद रंगाचे, लाल किंवा चॉकलेटी, जुने टॉवेल आणि चादरी ठेवायला सांगतात. पांढऱ्या चादरीवर सांडलेलं रक्त पाहून रोगी आणि घरचे हादरून जातात, गडद कापडावर ते तितकं दिसत नाही. नाकातून नळी घातली असेल तर पेज, ताक, डाळीचं पाणी गाळून, रोग्याला बसतं करून, हळूहळू सोडायचं आणि शेवटी साधं पाणी घालून नळी धुऊन घ्यायची. नळी धुतली नाही तर ती तुंबते, आणि नुसती नळी बदलायला पुन्हा पन्नास किलोमीटर जावं लागतं.

हे सगळं घरच्या एका माणसाला शिकवायला तास-दीड तास पुरतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर यापेक्षा जास्त वेळ जातो. रोग्याला घरी पाठवताना त्याच्या बायकोला किंवा मुलाला हे हाताने करून दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, एवढा एक नियम प्रत्येक कॅन्सर रुग्णालयाने स्वतःपुरता केला तरी पुष्कळ होईल.

मुद्दा ४ : नर्स दारात आली पाहिजे

केरळचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ‘तिथलं वेगळं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. काय वेगळं आहे ते नीट पाहू. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही मंडळींनी पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग बरा होवो न होवो, रोग्याचं दुखणं, दम, उलट्या, जखमा आणि मनाची घालमेल कमी करणारी सेवा. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले. २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण जाहीर केलं आणि घरी जाऊन सेवा देण्याचं काम पंचायतींकडे सोपवलं. आज तिथे गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पंचायतीची नर्स गाडीने येते. कॅथेटर बदलते, जखम धुते, गोळ्या मोजते. डॉक्टर लागेल तेव्हाच. सगळा डोलारा त्या नर्सवर उभा आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रोग्यांचे अखेरचे दिवस सांभाळणारं सेवागृह, मुंबईतच, वांद्र्याला, १९८६ मध्ये सुरू झालं. ते शांती अवेदना सदन, आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. टाटा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह विभागाची पथकं मुंबईत रोग्यांच्या घरी जातात. आणखी काही शहरांत चांगल्या संस्था आहेत. पण हा नकाशा काढला तर ठिपके मुंबई-पुण्याभोवती दाटतात आणि मराठवाडा, विदर्भाकडे पांढरा कागद वाढत जातो. भामरागडच्या माणसाला वांद्र्याच्या समुद्राचा वारा काय उपयोगाचा?

सरकारी यंत्रणा मात्र भामरागडलाही आहे. उपकेंद्र आहे, आशाताई आहे, अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारीही आहे. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. यादीत नाव आहे, पण केंद्रात त्यासाठी ना बॅग ना औषध. आशाताईंच्या डोक्यावर आधीच डझनभर नोंदवह्या आहेत. मोबदला न वाढवता त्यात आणखी एक घालायची असेल, तर न घातलेली बरी. सेवा द्यायची तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे या कामासाठी नेमलेली एक नर्स आणि तिला फिरायला वाहन, एवढं मनुष्यबळ पगारावर घ्यावं लागेल. यात स्वयंसेवेचा गोडवा गाऊन भागणार नाही.

मुद्दा ५ : घर कुणाचं, आणि सेवा कुणाच्या जिवावर

इथे ‘घरीच बरं’ म्हणणाऱ्यांना थांबवून विचारलं पाहिजे.

लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात आणि संडास बाहेरच्या गॅलरीच्या टोकाला आहे. तिथे अंथरुणाला खिळलेला रोगी ठेवायचा कुठे? भाड्याच्या घरात मालक आडून सुचवतो की ‘तसं काही इथे व्हायला नको’. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसत नाही, मग माणसाला खुर्चीत बांधून खाली आणतात. परळच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाना पालकर स्मृती समितीत महिनोन्महिने राहणाऱ्या यवतमाळच्या, बीडच्या, बिहारच्या कुटुंबाला ‘घरी न्या’ म्हणजे एका मरणासन्न माणसाला घेऊन रात्रभराचा रेल्वेप्रवास करा. या माणसांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाच-दहा खाटांचा, शांत, नातेवाइकांना सोबत राहू देणारा कक्ष हवा. घराच्या नावाने त्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही.

आणि सेवा करणार कोण? वाक्यात ‘सेवा करा’ हे अनेकवचनी आहे, घरात ते एका बाईवर येऊन पडतं. बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. कूस बदलणं, डायपर, अंग पुसणं, रात्रीची जाग आणि सकाळी उठून सगळ्यांचे डबे. शेतमजूर बाई असेल तर तिची रोजची मजुरीही बुडते. दवाखान्याचं बिल वाचलं असं आपण म्हणतो, पण ते तिच्या अंगावर काढलेलं असतं. केरळात अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देण्याची योजना आहे. रक्कम अगदीच तुटपुंजी, पण हे काम आहे एवढं तरी सरकारने मान्य केलं.

बाईच आजारी पडली तर चित्र आणखी बदलतं. गर्भाशयमुखाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरने शेवटाला आलेल्या बाईला ‘हवापालट’ म्हणून माहेरी सोडून येण्याची रीत अजून गेलेली नाही. जिने सगळ्यांची सेवा केली तिच्या सेवेला भाऊ-भावजय. तिला विचारा, घर म्हणजे कोणतं.

मुद्दा ६ : दवाखान्यात जाणं म्हणजे हार नव्हे, पण आयसीयू म्हणजे दवाखाना नव्हे

घरी राहायचं ठरवलेला रोगी मध्येच ‘मला दवाखान्यात न्या’ म्हणू शकतो. दम लागला, आतडं अडलं, रक्तस्राव थांबेना, की म्हणणारच. त्यात घरच्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. त्याला घेणारी साधी खाट मात्र हवी. आज तिथे दोनच दारं आहेत, जनरल वॉर्डातली फरशी किंवा आयसीयू. बरा न होणाऱ्या माणसाला आयसीयूत नेलं की घशात नळी जाते, हात बांधले जातात, आणि घरच्यांना दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं काचेतून बघायला मिळतं. शेवटचं बोलणं राहून जातं. खर्च तर विचारूच नका. कुणी शेत गहाण टाकतं, कुणी दागिने मोडतं.

पैशाचं गणितही त्याच दिशेला ढकलतं. आरोग्य विमा साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय दमडी देत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन गरिबांच्या आवाक्यात आणलं, याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण आपल्या सगळ्याच योजनांचा सांगाडा रुग्णालयातल्या पॅकेजवर उभा आहे. घरी येणारी नर्स, भाड्याची हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र यांना त्यात जागा करावी लागेल. आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलात खेड्यातल्या रोग्याची कितीतरी दिवसांची घरची सेवा होईल. हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मुद्दा ७ : ‘त्यांना सांगू नका’

रोगी आत बसलेला असतो आणि मुलगा केबिनच्या दारात डॉक्टरला गाठून हळूच म्हणतो, ‘बाबांना काही सांगू नका हं.’ बाबांना बहुतेक सगळं कळलेलं असतं. रेडिएशनच्या रांगेत शेजारी बसणारा माणूस यायचा बंद झाला, हे त्यांनी पाहिलेलं असतं. घरचे त्यांच्यापासून लपवतात, ते घरच्यांपासून लपवतात, आणि मग शेत कुणाच्या नावावर, धाकटीच्या लग्नाचं काय, मला कुठे न्यायचं, ही बोलणी तशीच राहतात.

लवकर बोललं तर रोगी खचतो, असा एक समज आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबरच पहिल्यापासून पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटातल्यांचं मन जास्त स्थिर राहिलं, अखेरच्या काळात त्यांनी जबरी उपचार कमी घेतले, आणि तरीही ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. पॅलिएटिव्हवाल्यांकडे पाठवलं म्हणजे नाव कापलं, असं मानणाऱ्या डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी हा अभ्यास डोळ्यांखालून घालावा.

कायदाही आता आड येत नाही. शुद्धीवर असलेला माणूस आयसीयू किंवा व्हेंटिलेटर नको म्हणू शकतो. शुद्ध गेल्यावर काय करायचं हे आधी लिहून ठेवण्याचा, म्हणजे ‘लिव्हिंग विल’चा, हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला. त्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्याकडे मृत्युपत्र करायला माणसं पन्नाशी ओलांडली की वकील गाठतात. त्याच बैठकीत हा दुसरा कागद करायला हरकत नसावी.

मुद्दा ८ : दाखल्याची धास्ती

हा मुद्दा लहान वाटेल, पण घरी मरू द्यायला घाबरणाऱ्या कितीतरी कुटुंबांची खरी अडचण हीच असते.

माणूस पहाटे घरी गेला. स्मशानभूमीच्या पाससाठी डॉक्टरचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतले डॉक्टर म्हणतात, पेशंट माझ्याकडे नव्हता. जिथे उपचार झाले ते रुग्णालय दोनशे किलोमीटरवर. कुणीतरी सल्ला देतं, सरकारी दवाखान्यात न्या. तिथे कागदावर ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते, मग पोलीस चौकी, पंचनामा, आणि नशीब फिरलं तर शवविच्छेदन. कॅन्सरच्या फायलीचा गठ्ठा हातात असताना. हे एकदा शेजारी घडलेलं पाहिलं की पुढचं कुटुंब धाप लागताच ॲम्ब्युलन्स बोलावतं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा याबाबत स्पष्ट आहे. अखेरच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं, ताबडतोब आणि विनाशुल्क. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४-अ नमुना आहे. म्हणजे घरी मरणं कायद्याला पूर्ण ठाऊक आहे, फक्त खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नाही. उपाय बिनखर्ची आहे. रोग्याला घरी सोडतानाच रुग्णालयाने एक पानी पत्र द्यावं. त्यात रोग काय, कोणत्या टप्प्याचा, मृत्यू अपेक्षित आहे आणि संपर्कासाठी डॉक्टरचा फोन. त्याची प्रत गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जावी. त्या अधिकाऱ्याने, किंवा रोग्याला अधूनमधून पाहणाऱ्या फॅमिली डॉक्टरने, घरी येऊन प्रमाणपत्र द्यावं. फॅमिली डॉक्टरांनीही थोडं मन मोठं करावं. पंधरा वर्षं ज्या घरातला ताप-खोकला पाहिला, त्या घरात शेवटी एकदा जिना चढून जायला काय हरकत आहे?

मुद्दा ९ : विचारायचं कुणाला

मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो छापून येतो, गोळी येत नाही. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का, मिळत नसेल तर मान्यतेसाठी अर्ज केला आहे का, आणि जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह सेवेच्या किती खाटा आणि किती नर्स आहेत, हे तीन प्रश्न कागदावर लिहा. नगरपालिका, जिल्हा परिषद, विधानसभा, जी निवडणूक समोर असेल तिच्या उमेदवाराला दारात आला की विचारा. त्याला उत्तर येणार नाही, पण प्रश्न पाच-पन्नास दारांत विचारला गेला तर तो कुणाला तरी फोन करेल. घरात रोगी असेल तर फार वाट पाहू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, ‘आम्हाला पॅलिएटिव्हवाल्यांकडे पाठवा.’ आणि त्याआधी रोग्यालाच विचारा, तुम्हाला कुठे राहायचंय.

त्या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी हवी असतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देता येतो. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.